डोंगर कुठं होता?

स्वरसंवाद : वाचकांचे प्रश्न, व्हायोलिनच्या बाईंची उत्तरं

गेल्या अंकात चेंबर म्युझिकवर जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. दिवाणखान्यात मावतील एवढेच वादक, प्रत्येकाला स्वतःची वेगळी ओळ, आणि समोर काठी हलवत उभं राहणारं कुणी नाही, इतकीच ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांत निसर्गाबद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त निघाले. जून तोंडावर आलाय, त्याचाही परिणाम असेल. म्हणून या वेळी तेवढीच पत्रं घेते. ‘मुलाला गिटार कोणती घ्यावी’वाल्यांनी एक महिना कळ काढावी.

प्रश्न : आम्ही निवृत्त मंडळी महिन्यातून एकदा मित्राकडे जमून गाणं ऐकतो. परवा त्याच्या मुलानं जॉन ल्यूथर अ‍ॅडम्स या अमेरिकन संगीतकाराची ‘द विंड इन हाय प्लेसेस’ ही चार तंतुवाद्यांची रचना लावली. अलास्कातले डोंगर, वारा, निसर्गाचं विराट रूप, असं बरंच काही आधी सांगितलं. वीसेक मिनिटं डोळे मिटून बसलो. डोंगर काही दिसला नाही. नुसते लांबलचक, शिट्टीसारखे स्वर. बाकीचे माना डोलावत होते. आमचे कान कमी पडले, की त्यात काही नव्हतंच?
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : तुमचे कान शाबूत आहेत. घोटाळा केला तो प्रस्तावनेनं. ‘आता डोंगर दिसेल हं’ असं सांगून कुणाला काही ऐकवलं की तो बिचारा वीस मिनिटं डोंगरच शोधत बसतो, आणि प्रत्यक्ष काय वाजतंय ते राहून जातं.

काय वाजत होतं ते आधी सांगते. रचना २०११ सालची. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, म्हणजे वाद्यं क्वार्टेटची, चार तंतुवाद्यांच्या चौकडीची, नेहमीचीच. पण पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत चौघांपैकी एकाचंही बोट तार दाबून खालच्या पट्टीला टेकत नाही. जे वाजतं ते मोकळ्या तारेवर, नाहीतर तारेला बोट नुसतं शिवून. मधोमध शिवलं की वरचा षड्ज बोलतो. तिसऱ्या हिश्शावर शिवलं की त्याच्याही वरचा पंचम, चौथ्यावर आणखी वरचा षड्ज, पाचव्यावर गांधार. तुम्हाला शिट्टीसारखे वाटले ते हे. वादक त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. चार वाद्यांच्या सोळा तारा मिळून एकच मोठं हार्प आहे, असं धरून अ‍ॅडम्स यांनी ही रचना केली.

आता तानपुऱ्याकडे या. जवारी नीट लागलेली असेल आणि खोलीतला पंखा बंद असेल, तर खर्जाच्या तारेतून एक गांधार ऐकू येतो. तो कुणी लावलेला नसतो. आपण त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. तारेच्या पाचव्या हिश्शात राहणारा तो हाच स्वर. त्याच तारेत सातव्या हिश्शावर एक निषादही असतो, पेटीवरच्या कोमल निषादापेक्षा जरा उतरलेला. पेटीच्या सवयीच्या कानाला तो आधी बेसूर वाटतो आणि थोड्या वेळानं पेटीच बेसूर वाटायला लागते. तेव्हा तुम्ही वीस मिनिटं जे ऐकलंत ते तुम्हाला जन्मभर ओळखीचं आहे. फरक इतकाच, की इथं गवई उठून गेलेत आणि तानपुरे आपापसांत बोलतायत.

मग यात डोंगराचा काय संबंध? अ‍ॅडम्स कित्येक दशकं अलास्कात राहिले. तिथल्या उघड्या, उंच जागांवर वारा असतो आणि ऐकायला माणूस नसतो. त्यांनी त्या जागेचं चित्र काढायचं टाळलं आणि वादकाच्या हातातला अधिकार कमी केला. बोट दाबलं की स्वर वादकाचा होतो. त्याला तो कंप देतो, मींड घेतो, गोड करतो. नुसतं शिवलं की तारेत मुळात जे आहे तेवढंच निघतं, आणि ते तुमच्या-माझ्या भावनांची पर्वा करत नाही. मला विचाराल तर डोंगर तिथं आहे, त्या बेपर्वाईत.

‘विराट’ या गोष्टीवर युरोपात अठराव्या शतकात पुष्कळ खल झाला. १७५७ साली एडमंड बर्क या विचारवंतानं सुंदर आणि उदात्त यांच्यात स्पष्ट रेघ मारली. सुंदर गोष्ट लहान, गुळगुळीत, जवळ घ्यावीशी वाटणारी. उदात्ताच्या मुळाशी भीती. १७९० साली कांट या जर्मन तत्त्वज्ञानं त्यात एक अट स्पष्ट केली : कडे, ढगांचा गडगडाट, खवळलेला समुद्र, हे सगळं आपल्याला ओढून घेतं खरं, पण आपण स्वतः सुरक्षित जागी असलो तरच.

ही अट काय असते ते बडोदेकरांना समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी आमच्या अकोट्यातल्या इमारतीच्या जिन्यात आली. गच्चीवर वरच्या मजल्यावरची मंडळी होती, मीही होते. चहूकडे तपकिरी पाणी, मध्येच एखाद्या गाडीचं टप, आणि एरवी कधी ऐकू न येणारी अशी शांतता. कुणीतरी म्हणालं, ‘काय भव्य दिसतंय!’ तळमजल्यावरच्या वहिनी आमच्या दारात पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली घराची कागदपत्रं, शेजारी गॅसची शेगडी. त्या काही वर आल्या नाहीत बघायला. कांट बरोबर होता, पण तो गच्चीवरून बोलत होता.

आपल्याकडे ही गोष्ट जास्त उबदारपणे सांगितलेली आहे. विश्वरूपदर्शनाच्या अकराव्या अध्यायाच्या तोंडालाच ज्ञानदेव म्हणतात की शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा म्हणून आलाय. अर्जुनाची बोबडी पुढे वळायचीच आहे, पण घर शांताचं आहे हे आधीच सांगून ठेवलंय. चार माणसं एका खोलीत खुर्च्या जवळ ओढून बसतात, एकमेकांच्या श्वासावर गज टेकवतात आणि त्या खोलीत न मावणारं काहीतरी आत येऊ देतात. चेंबर म्युझिकला हा विषय ऑर्केस्ट्रापेक्षा जास्त शोभतो असं माझं मत आहे. शंभर माणसांनी वादळ वाजवलं तर मला शंभर माणसं ऐकू येतात.

तुमच्या गटासाठी एक सुचवते. अ‍ॅडम्स पुन्हा लावण्याआधी हायडन या जुन्या संगीतकाराचं ओपस ७६ (ओपस म्हणजे छापलेल्या रचनांचा क्रमांक) मधलं चौथं क्वार्टेट लावा, १७९७ सालचं. लोक त्याला ‘सूर्योदय’ म्हणतात. नाव हायडननं दिलेलं नाही, आणि नसतं मिळालं तरी चाललं असतं. खालची तीन वाद्यं एक स्वरसंगती हळू धरून ठेवतात, अगदी षड्ज धरावा तशी, आणि पहिलं व्हायोलिन तिच्यातून सावकाश वर चढतं. थांबतं. पुन्हा चढतं. थोड्या वेळानं सगळे जोरात धावू लागतात, तिकडे दुर्लक्ष केलंत तरी हरकत नाही. पण पुढे कान ठेवा : वरची वाद्यं तशीच संगती धरतात आणि या वेळी चेलो तीच वाट खाली उतरतो. आलापात षड्ज धरून त्यापासून किती लांब गेलो हे मोजायची आपल्याला सवय असते. तीच सवय इथं लावा. डोळे उघडे ठेवले तरी चालतील.

प्रश्न : आमच्याकडे मेघ आहे, मल्हाराचे इतके प्रकार आहेत. ऋतूंचं इतकं सूक्ष्म संगीत घरात असताना कागदावर लिहून चौघांनी वाजवलेल्या पावसाचं कौतुक कशाला? तानसेनाच्या गावात राहून मला हा प्रश्न पडतो.
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : माझं आजोळ लष्करचं, त्यामुळे हा सूर ओळखीचा आहे. कौतुक दोन्हीचं करता येतं, त्यासाठी कर लागत नाही.

पण तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे, की मियाँमल्हारात पाऊस ‘असतो’. कुठे असतो सांगा. आंदोलित कोमल गांधार आहे, दोन निषाद एकमेकांना खेटून येतात, मंद्रात ती जड, ओली हालचाल आहे. थेंब एकही नाही. परंपरेनं हा राग तानसेनाच्या नावावर आहे, आणि ज्यानं तो बांधला त्यानं पावसाचा आवाज काढायच्या भानगडीत न पडता आभाळ भरून आल्यावर अंगात जो जडपणा येतो तो पकडला. देवासला बसून कुमारजींनी, म्हणजे कुमार गंधर्वांनी, ‘गीतवर्षा’ केली, तीही माळव्याच्या मातीतल्या माणसाच्या पावसाची. चांगले क्वार्टेट लिहिणारे नेमकं हेच करतात.

बेथोवनच्या ओपस ५९ मधल्या दुसऱ्या क्वार्टेटचा संथ भाग घ्या. त्याचा शिष्य चेर्नी सांगतो, की रात्री ताऱ्यांनी भरलेलं आभाळ बघत असताना बेथोवनला हा भाग सुचला. त्यात तारे लुकलुकत नाहीत. चौघं मिळून एक प्रार्थना म्हटल्यासारखी संथ ओळ धरतात, आणि ती इतकी लांबते की आपण लहान होत जातो.

रागदारीला जे जमत नाही आणि इथं जमतं ते एकच : एकाच क्षणी चार वेगळी मनं. आपल्या मैफलीत साथीदार कितीही थोर असला तरी विचार एकाचा चालतो. क्वार्टेटमध्ये व्हायोलिन चढत असताना चेलो ठाम उभा असतो आणि व्हायोला दोघांच्या मध्ये काहीतरी तिसरंच म्हणत असते. झाड, वारा आणि पाखरू एकाच वेळी आपापल्या गतीनं असतात ना, तसं.

यमनाच्या बाजूनं आत शिरायचं असेल तर बेथोवनच्याच ओपस १३२ मधला तिसरा भाग ऐका. १८२५ साली मोठ्या दुखण्यातून उठल्यावर त्यानं तो देवाचे आभार म्हणून लिहिला, लिडियन स्वरावलीत. आपल्या हिशेबानं तीव्र मध्यमाचा कल्याण थाट. यमनाची चलन मात्र शोधू नका, ग्वाल्हेरचे असलात तरी.

प्रश्न : एक भाग संपल्यावर टाळ्या वाजवल्या तर पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. नियम काय?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : हल्लीची रीत अशी, की सगळे भाग संपेपर्यंत थांबायचं. गज हवेतून खाली येतात, वादक हसतात, मग टाळ्या. मात्र हायडनच्या काळी लोक मधेच टाळ्या वाजवत असत. तेव्हा वळून बघणाऱ्यांना एवढा धक्का बसायचं कारण नव्हतं.

प्रश्न : बाई, मी इथंच परफॉर्मिंग आर्ट्सला शिकते. व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि तबला अशा चौघांसाठी ‘विश्वामित्री’ नावाची रचना लिहितेय. चार भाग : पावागडचा उगम, शहर, पूर, मगरी. पावसाला पिझिकाटो (बोटानं तार छेडणं), विजेला ट्रेमोलो (गज भरभर थरथरवणं), पुराला तबल्यावर रेला (वेगानं धावणारे बोल) आणि मगरीला चेलोवर घासल्यासारखा आवाज. वर्गात वाजवून दाखवलं तर मुलं हसली. मगरीला तर फारच. सोडून देऊ का?
— एक विद्यार्थिनी, बडोदे

उत्तर : अजिबात नाही. तू ज्या संस्थेत शिकतेस तिचं मूळ १८८६ सालच्या गायनशाळेत आहे. सयाजीरावांनी ती गायक मौलाबक्षांच्या हाती दिली, आणि मौलाबक्षांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत शिकून आले. चेलोशेजारी तबला ठेवल्याबद्दल बडोद्यात कुणी नाक मुरडलं तर त्याला इतिहास ठाऊक नाही एवढंच समज.

पण मुलं का हसली ते बघू. तुझी यादी मी दोनदा वाचली. प्रत्येक गोष्टीला एक आवाज चिकटवलेला आहे. ऐकणारा ओळखतो, ‘हा पाऊस, ही वीज’, आणि ओळखलं की त्याचं काम संपतं. मगर आली की तो हसणारच.

शूबर्टचं ‘ट्राउट’ पंचक काढ. १८१७ साली त्यानं एक गाणं केलं होतं, ओढ्यातल्या माशाचं. त्याच्या साथीत पियानोवर खळाळती छोटी लहर आहे. दोन वर्षांनी, १८१९ मध्ये, श्टायर गावातल्या एका हौशी चेलोवादकासाठी त्यानं पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास अशा पाचांची रचना केली आणि चौथ्या भागात त्याच गाण्याच्या चालीवर फेरे घेतले. सगळ्यांना हवी असलेली ती पाण्याची लहर त्यानं दाबून ठेवलीय. फेऱ्यामागून फेरा जातो, लहर नाही. अगदी शेवटच्या खेपेला ती येते आणि अंगावर शहारा येतो. तुझ्याकडे पाऊस पहिल्याच मात्रेला येऊन बसतो.

आता पूर. तू रेला लिहिलास, म्हणजे पूर धावत येतो असं धरलंस. तू इथलीच ना? आपला पूर धावत येत नाही. आधी ‘आजवा तलावाची पातळी किती’ची कुजबुज, मग काला घोड्याच्या पुलावर किती फूट याचे दर तासाला मेसेज, मग सव्वीस फुटांची धोक्याची खूण, आणि रात्री कधीतरी पाणी पायरीवर. वाढतंय हे दिसत नाही, वाढलेलं दिसतं. याला एक युक्ती सुचते, पटली तर घे. वादकांच्या तारा बुडव. सुरुवातीला सगळ्यांना सगळ्या तारा मोकळ्या. मग ठरावीक आवर्तनांनी चेलोची सगळ्यात खालची तार बंद, त्यानंतर पुढची, मग व्हायोलाची खालची. कुणी काही जाहीर करायचं नाही. खालची जमीन जात राहील तसतसे तिघंही आपोआप वर वर ढकलले जातील, आणि शेवटी पातळ तारेच्या टोकाला थोड्याशा स्वरांवर गर्दी करून उभे राहतील. गच्चीवर आम्ही होतो तसे. यात पाण्याचा आवाज कुठंही नाही आणि ऐकणाऱ्याचे पाय मात्र ओले होतील.

तबल्यावरचा रेला काढ. पुराच्या भागात उजवा हात बंदच ठेव. फक्त डग्गा, आणि त्यावर मनगटाचा दाब वाढवत नेत घुमारा. पट्टी पांढरी एक धर, म्हणजे चेलोची मोकळी खालची तार तुझा खर्ज होईल आणि ती बुडेल तेव्हा षड्जच गेल्यासारखं वाटेल. पावसाळ्यात कार्यक्रम असेल तर तबलजीला हातोडी जवळ ठेवायला सांग. दमट हवेत पुडी उतरते आणि व्हायोलिनच्या खुंट्या हट्टाला पेटतात, दोन्ही एकदम.

मगर. कालाघोड्याच्या पुलावरून कधी मगर बघत थांबलीयस? ती काहीही करत नाही. लोक कठड्याला रेलून वाट बघतात, शेंगावाला येऊन जातो, ती तशीच. भीती त्या न करण्यात आहे. म्हणून घासण्याचा आवाज नको. व्हायोलाला एकच स्वर दे, गज घोडीच्या अगदी जवळ, म्हणजे तो पातळ, धातूसारखा निघेल. बाकीच्यांना काहीही देऊ नकोस. तो स्वर लोकांना अस्वस्थ वाटेपर्यंत चालू ठेव, आणि मग थांबव. मगर आली होती का याचं उत्तर देऊ नकोस.

प्राण्यांचे आवाज घ्यायचेच नाहीत असं मात्र नाही. जॉर्ज क्रम या अमेरिकन संगीतकारानं १९७१ साली देवमाशांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ऐकून बासरी, चेलो आणि पियानो या तिघांसाठी रचना केली. वाद्यांचा आवाज विजेवर वाढवलेला, वादकांच्या डोळ्यांवर काळे मुखवटे, मंचावर निळा उजेड, आणि बासरीवादक फुंकता फुंकता बासरीतच गातो. वाचताना हसू येतं. ऐकताना येत नाही, कारण त्यांनी आवाजाची नक्कल करून सोडून दिली नाही, त्या आवाजाला राहायला समुद्र दिला.

आणखी एक. चार भाग जास्त होतात. पूर ठेव, मगर ठेव, शहर काढून टाक. उगम हवाच असेल तर शेवटी घाल, पाणी ओसरल्यावर. झालं की नोटेशन घेऊन ये, दुपारी चारनंतर. चहा मिळेल, शेव-उसळ येताना तू आण.

प्रश्न : मेसियाँ या फ्रेंच संगीतकारानं युद्धकैदेत लिहिलेल्या चौकडीत आपले ताल आहेत असं ऐकलं. खरं की आपली नेहमीची ‘सगळं आमच्याकडूनच गेलं’ छाप गोष्ट?
— एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : तुमचा संशय आवडला, पण ही गोष्ट खरी आहे. ऑलिव्हिए मेसियाँ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडले. ग्योर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत एक क्लॅरिनेटवाला, एक व्हायोलिनवाला, एक चेलोवाला भेटले. पियानोला स्वतः बसले. १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ तिथंच पहिल्यांदा वाजली. चेलोला तीनच तारा होत्या अशी आठवण मेसियाँ सांगत. चेलोवादकानं पुढे ती खोडून काढली, म्हणाला चार होत्या. मी चेलोवाल्याच्या बाजूनं आहे. आपल्या वाद्याच्या तारा माणूस विसरत नाही.

आता ताल. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारे शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी होते, म्हणजे आजच्या दौलताबादला. त्यांच्या ग्रंथात १२० देशी तालांची यादी आहे. ती एका फ्रेंच विश्वकोशात छापून आली होती. विद्यार्थिदशेतच मेसियाँना ती सापडली आणि त्यांनी जन्मभर सोडली नाही. चौकडीच्या पहिल्या भागात पियानोची जी लय आहे ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांना जोडून केलेली १७ मात्रामूल्यांची माळ आहे. तिच्यावर २९ स्वरसंगतींची दुसरी माळ फिरते. सतरा आणि एकोणतीस एकमेकांना भागत नाहीत, म्हणून दोन्ही माळा पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला ४९३ आघात लागतील. तो भाग त्याच्या कितीतरी आधी थांबतो. वर क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पहाटेच्या पक्ष्यांसारखे बोलत असतात, त्यांना खाली काय फिरतंय याची दखल नाही.

इंदूरचे आहात, हात मांडीवर जाणारच. ठेका धरू नका. यात सम येत नाही, येणारही नाही, आणि ती यायची वाट बघणं सुटलं की मगच हा भाग उघडतो. यादी आपली, पण तिचा उपयोग पूर्णपणे त्यांचा. तेवढा मान द्यायला हरकत नाही.

सगळी रचना एकदम झेपणार नाही. तिसरा भाग घ्या, एकटं क्लॅरिनेट. पक्षी आणि खोल दरी. त्यात एक स्वर ऐकूच येत नाही इथपासून सुरू होतो आणि एका श्वासात असह्य मोठा होतो. बाकी काही नसतं तेव्हा. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्याची सुरुवातच तुम्हाला कळणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षं व्हायोलिन शिकतेय. क्वार्टेट बसवताना तिच्या सरांनी तिला व्हायोला घ्यायला सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही. हिला डावललं असं समजावं का?
— एक आई, अलकापुरी, बडोदे

उत्तर : समजू नका. आठ वर्षांत कान तयार झालेला असेल तरच सर व्हायोला देतात, कारण मधली ओळ चुकली की खालचा-वरचा दोघंही पडतात, आणि टाळ्या मात्र व्हायोलिनला.

तिला सांगा, शूबर्ट घरच्या क्वार्टेटमध्ये व्हायोला वाजवायचा. ड्वोर्झाक तर पोटापाण्यासाठी व्हायोला वाजवत होता. १७८४ च्या सुमारास व्हिएन्नात चार संगीतकार एका घरी क्वार्टेट वाजवायला बसले, पहिलं व्हायोलिन हायडनकडे होतं, आणि त्या दिवशी व्हायोला धरली होती मोझार्टनं. चौघांच्या मधोमध बसून सगळं ऐकू येतं, म्हणून शहाणी माणसं ती जागा मागून घेतात. वर मी त्या विद्यार्थिनीला मगरीचा स्वर व्हायोलाला द्यायला सांगितलाय, तेही वाचून दाखवा. हे वय मगरीवर खूश होतं.

व्हायोला व्हायोलिनपेक्षा पंचमानं खाली लागते. खालची तार जाड आणि आळशी असते, तिला आधी गजाचं वजन द्यावं लागतं, मग ती बोलते. खांदा दुखेल, म्हणून वाद्याची लांबी तिच्या हाताला मापून घ्या, ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी उचलू नका. शिवाय नोटेशन वेगळ्या खुणेत, आल्टो क्लेफमध्ये असतं. पहिला महिना प्रत्येक स्वर एक घर चुकेल आणि घरात रडारड होईल. होऊ द्या, जेवण तेवढं बंद करू देऊ नका.